बीजीव्ही रिपोर्टमध्ये चूक निघाली तर: ऑफर हातची जाऊ नये म्हणून काय करायचं

नव्या कंपनीच्या एचआरकडून मेल येतो: ‘तुमच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये डिस्क्रिपन्सी आढळली आहे, 48 तासांत खुलासा पाठवा.’ बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे बीजीव्ही, ही तुम्ही दिलेल्या माहितीची पडताळणी आणि डिस्क्रिपन्सी म्हणजे तफावत. नेमकं काय आढळलं, कुठे आढळलं, कोणी सांगितलं, यातलं काहीच त्यात नसतं. जुन्या नोकरीचा राजीनामा तर कधीच देऊन झालेला असतो. अशा वेळी हात आपोआप कीबोर्डकडे जातात आणि कळवळून लिहिलेला दोन पानी खुलासा निघून जातो. तो पाठवू नका. निदान आज तरी नको.

पडताळणी करणारी एजन्सी तुमच्याबद्दल मत बनवत नसते. ती दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवते. एक तुम्ही भरलेला फॉर्म. दुसरी जुन्या कंपनीने, विद्यापीठाने, पीएफच्या पोर्टलने किंवा कोर्टाच्या संकेतस्थळाने दिलेली माहिती. फरक दिसला की शेरा पडतो. दोन्हींतलं खरं कोणतं, हे शोधत बसणं ती आपलं काम मानत नाही. पुष्कळदा चूक रिपोर्टमध्ये नसतेच, ती मूळ नोंदीत वर्षानुवर्षं पडून असते. म्हणून काम दोन आघाड्यांवर करावं लागतं. एचआरला पुराव्यानिशी लगेच उत्तर द्यायचं आणि त्याच दिवशी मूळ नोंद दुरुस्तीला टाकायची. नुसतं उत्तर दिलंत तर पुढच्या नोकरीला तोच शेरा पुन्हा समोर येतो. नुसत्या दुरुस्तीमागे लागलात तर ती होईपर्यंत कंपनी दुसरा माणूस घेते.

आधी शेऱ्याचे नेमके शब्द मिळवा

रिपोर्टमध्ये साधारण तीन रंग असतात. हिरवा म्हणजे जुळलं. लाल म्हणजे ठळक तफावत. पिवळा मात्र फसवा आहे: किरकोळ फरकालाही पिवळा आणि ‘पडताळणी होऊ शकली नाही’ यालाही पिवळाच. शिवाय ‘इनसफिशियन्सी’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात तुमच्याविरुद्ध काहीही नसतं, फक्त एखादा कागद कमी असतो किंवा अपलोड केलेली प्रत वाचता येत नसते. एचआरच्या मेलमध्ये या सगळ्याला सरसकट ‘डिस्क्रिपन्सी’ म्हटलेलं असू शकतं. म्हणून पहिला मेल खुलाशाचा नको, चौकशीचा हवा. मजकूर साधारण असा:

‘आपला मेल मिळाला. योग्य उत्तर देता यावं यासाठी कृपया पुढील माहिती द्यावी: कोणत्या तपासणीत (चेकमध्ये) तफावत आहे, मी दिलेली माहिती काय आणि पडताळणीत मिळालेली काय, ती कोणत्या स्रोताकडून, कोणत्या तारखेला मिळाली. शक्य असल्यास रिपोर्टचं संबंधित पान पाठवावं. ही माहिती मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मी कागदपत्रांसह उत्तर देतो. तोपर्यंत माझ्या प्रकरणावर अंतिम निर्णय घेऊ नये, ही विनंती.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यांनी मुदतीचा चेंडू त्यांच्या कोर्टात जातो आणि तुम्ही टाळाटाळ केली नाही याची लेखी नोंद राहते. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याचाही दोन ओळींचा मेल टाकून ठेवा.

रिपोर्टची प्रत हक्काने मागता येते का? अमेरिकेत 1970 च्या एफसीआरए (फेअर क्रेडिट रिपोर्टिंग) कायद्यामुळे अशा रिपोर्टच्या आधारे उमेदवाराला नाकारण्याआधी त्याला रिपोर्टची प्रत द्यावी लागते. आपल्याकडे खास पार्श्वभूमी पडताळणीसाठी असा कायदा नाही. जे आहे ते विखुरलेलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत, तुम्ही दिलेली माहिती तपासून चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याची तरतूद आहे आणि तक्रार अधिकाऱ्याला निवारणासाठी एक महिना दिलेला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने यापेक्षा बरंच जास्त दिलं आहे. त्याच्या कलम 8 प्रमाणे, ज्या माहितीवरून तुमच्याबाबत निर्णय होणार आहे ती अचूक आणि पूर्ण ठेवण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या संस्थेवर येते. कलम 11 आणि 12 मध्ये माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. मात्र नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे 2027 चा मे उजाडेल. तोवर कलमांची यादी फेकण्यापेक्षा नम्र विनंती जास्त कामाची. एचआरलाही जागा भरायचीच असते.

चूक कोणाच्या खात्यातली

शब्द हातात आले की पहिला प्रश्न: चूक तुमची, मूळ नोंदीची, एजन्सीची, की माणूसच दुसरा?

तुमची असेल, म्हणजे फॉर्म भरताना महिना चुकला, डिग्रीचं वर्ष अंदाजे टाकलं, तीन महिन्यांची एखादी नोकरी गाळली, तर सरळ एका वाक्यात मान्य करा आणि योग्य माहिती कागदासह द्या. ‘सिस्टीममध्ये तसं दिसत होतं’ वगैरे नको. लपवलेली छोटी गोष्ट मोठी होते, कबूल केलेली बहुतेक वेळा तिथेच मिटते. आणि ‘बीजीव्ही क्लिअर करून देतो’ म्हणत अनुभवपत्रं विकणाऱ्यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. एजन्सीज संशयास्पद कंपन्यांच्या याद्या ठेवतात आणि आज विकत घेतलेलं पत्र दहा वर्षांनीही पकडलं जाऊ शकतं.

पीएफची नोंद: सगळ्यात जास्त घोळ इथेच

आता पडताळणीत यूएएनची, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या तुमच्या पीएफ क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरी बघतात. कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं एका पानावर. तिथल्या तारखा मात्र जुन्या कंपनीच्या पेरोलवाल्याने भरलेल्या असतात आणि तुम्ही त्या बहुधा कधी पाहिलेल्याही नसतात.

समजा तुमचा शेवटचा दिवस 28 जून. रिलीव्हिंग लेटरवर तीच तारीख आहे. नवी नोकरी 1 जुलैला सुरू झाली. जुन्या कंपनीने पोर्टलवर एक्झिटची तारीख टाकली 31 ऑगस्ट, कारण तुमचा हिशेब त्या महिन्यात मिटला. रिपोर्ट म्हणतो: दोन महिने दोन नोकऱ्या. मूनलायटिंगची (गुपचूप दुसरी नोकरी करण्याची) धास्ती घेतलेल्या आयटी कंपनीत हा शेरा थेट लाल होतो.

इथे उत्तराचा पुरावा पीएफ पासबुकातच असतो. जुन्या मेंबर आयडीखाली (त्या कंपनीतल्या पीएफ खात्याच्या क्रमांकाखाली) शेवटचं अंशदान कोणत्या वेतन महिन्याचं आहे ते पाहा. ते जूनचं असेल तर ते पान, रिलीव्हिंग लेटर आणि बँक स्टेटमेंटमधली पगाराची शेवटची जमा, एवढे तीन कागद पुरेसे बोलके आहेत. मग दुरुस्ती.

एक्झिटची तारीख कोरीच राहिली असेल तर ती तुम्हीच भरू शकता. पीएफचा कारभार पाहणाऱ्या ईपीएफओच्या युनिफाइड पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ असतं. शेवटच्या अंशदानानंतर दोन महिने गेलेले हवेत, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि शेवटचं अंशदान ज्या महिन्याचं आहे त्याच महिन्यातली तारीख टाकता येते. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून भरा. एकदा सबमिट झाल्यावर बदलणं हा वेगळाच उपद्व्याप आहे.

तारीख भरलेली आहे पण चुकीची आहे, तर ‘जॉइंट डिक्लरेशन’, म्हणजे पीएफमधला तपशील दुरुस्त करण्याचा अर्ज. जानेवारी 2025 पासून हे बरंच सोपं झालं. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल, तर नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख यांसारख्या गोष्टी सदस्य स्वतः ऑनलाइन दुरुस्त करू शकतो. यूएएन त्याआधीचा असेल तर कंपनीला मध्ये घ्यावं लागतं. यूएएन आधारशी जोडलेलाच नसेल तर कागदी अर्ज कंपनीमार्फत. कंपनी दाद देत नसेल तर ईपीएफओच्या ‘ईपीएफआयजीएमएस’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिचा नोंदणी क्रमांक लगेच मिळतो आणि तो एचआरला दाखवता येतो. दुरुस्ती व्हायला वेळ लागला तरी ती सुरू आहे याचा हा पुरावा.

आणखी काही नेहमीचे पेच. तुम्ही सांगितलं बड्या कंपनीचं नाव आणि पीएफमध्ये दिसते मनुष्यबळ पुरवणारी कंपनी. तुम्ही थर्ड-पार्टी पेरोलवर होतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने पगार दिला तो मालक, जिथे बसून काम केलं तो क्लायंट. फॉर्ममध्ये दोन्ही लिहायला हवी होती. आता तरी नियुक्तीपत्र आणि क्लायंटकडच्या नेमणुकीचा मेल जोडून द्या. दुसरा पेच: ‘पीएफ नोंद आढळली नाही’. वीसपेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पीएफचा कायदा सहसा लागू होत नाही. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ईपीएफओच्या साइटवर पासबुक दिसत नाही, ट्रस्टकडून स्लिप घ्यावी लागते. आणि रुजू होताना मूळ पगार 15,000 रुपयांच्या वर असलेल्या नव्या कर्मचाऱ्याला पीएफमधून बाहेर राहता येत असे. अशा वेळी फॉर्म 16 आणि फॉर्म 26एएस काढा. 26एएसमध्ये पगारातून टीडीएस कापणाऱ्याचं नाव असतं. ती नोंद आयकर विभागाच्या पोर्टलवरून निघत असल्यामुळे एजन्सीला त्यावर शंका घेणं जड जातं.

जाता जाता: पासबुक बघायला कोणी यूएएनचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. स्वतः डाउनलोड करून पीडीएफ द्या.

जुनी कंपनी काहीतरी भलतंच सांगते

हुद्द्यातला फरक किरकोळ असतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘टीम लीड’ आणि एचआरच्या नोंदीत ‘सीनियर असोसिएट’, असं सर्रास होतं. नियुक्तीपत्रातला किंवा शेवटच्या बढतीपत्रातला हुद्दा हाच खरा धरा.

‘अ‍ॅबस्काँडिंग’ (न कळवता नोकरी सोडून गायब होणं) किंवा ‘नोटीस पिरियड पूर्ण केला नाही’ हा शेरा मात्र गंभीर. तुम्ही रीतसर राजीनामा दिला असेल तर राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचा मेल, नोटीस बायआउटची (नोटीस पूर्ण न करता निघण्याबद्दलची) रक्कम भरल्याची किंवा एफ अँड एफमधून (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबातून) वळती झाल्याची नोंद, लॅपटॉप परत केल्याची पावती, एवढं शोधून काढा. आणि जुन्या कंपनीच्या एचआरला स्वतंत्र मेल टाका: ‘अमुक तारखेला आपण पडताळणीत अशी माहिती दिली आहे, ती सोबतच्या कागदांशी जुळत नाही. आपली नोंद तपासून एजन्सीला सुधारित उत्तर पाठवावं.’ त्यात राग नको, मॅनेजरबद्दलच्या तक्रारी तर अजिबात नको. तो मेल पुढे नव्या कंपनीलाही दाखवायचा आहे हे लक्षात ठेवून लिहा.

कधी कधी एफ अँड एफ अडकलेलं असतं म्हणून जुनी कंपनी उत्तरच देत नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. पाठपुराव्याच्या मेलमध्ये तिचा एक ओळीचा उल्लेख बरा असतो.

कंपनीच बंद पडली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची सद्यस्थिती बघता येते. ‘स्ट्रक ऑफ’ (नोंदणीतून काढून टाकलेली) असा शेरा असलेलं पान, पे-स्लिप, बँक स्टेटमेंट आणि 26एएस एकत्र दिलंत की ‘पडताळणी होऊ शकली नाही’ याला कारण मिळतं. कंपनीचं नाव बदललेलं किंवा विलीनीकरण झालेलं असेल तर तेही फॉर्ममध्येच लिहायला हवं, कारण एजन्सी जुन्या नावाने शोधत बसते.

नावाचा गुंता

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर मधलं नाव गायब. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ तर कुठे दोन. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या बाबतीत आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात. काही ठिकाणी तर पहिलं नावसुद्धा. सॉफ्टवेअरला ही तीन वेगळी माणसं वाटली तर नवल नाही.

साध्या क्रमभेदासाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र सहसा चालतं. लग्नामुळे बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं. पूर्णपणे बदललेल्या नावासाठी राजपत्रातली प्रसिद्धी. महाराष्ट्रात ती शासकीय मुद्रण व लेखनसामग्री विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून होते. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना असेल तर तो कोरा सोडू नका. कागदोपत्रीचं प्रत्येक रूप तिथे लिहून टाका.

कोर्टाच्या नोंदीत तुमच्या नावाचा दुसराच कोणी

यात माणूस सगळ्यात जास्त हादरतो, पण बाजू बऱ्याचदा भक्कम असते. कोर्ट रेकॉर्ड चेक मुख्यतः ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेऊन होतो. तिथे पक्षकारांच्या नावापुढे जन्मतारीख किंवा आधार क्रमांक नसतो. नाव आणि आडनाव प्रचलित असेल तर एकाच जिल्ह्यात तुमच्या नावाची अनेक माणसं निघतील.

एजन्सीकडून खटल्याचा सीएनआर क्रमांक मागा. तो 16 अक्षर-अंकांचा असतो. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोर्ट, कायद्याचं कलम, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि तारखा दिसतात. आदेशांच्या पीडीएफमध्ये आरोपीचं वय, वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशांनुसार, संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात, तिथेही पाहा. मग एक छोटा तक्ता करा: डावीकडे खटल्यातल्या आरोपीचा तपशील, उजवीकडे तुमचा, शेवटच्या रकान्यात त्याचा पुरावा. गुन्हा घडला त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या शहरात कामावर असल्याची हजेरी असेल तर तीही जोडा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र द्या. पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) परदेशातल्या कामासाठी असतं. देशातल्या नोकरीसाठी आपल्या भागातल्या पोलिसांचं प्रमाणपत्र घ्या.

नाव तुमचंच असेल तरी तुम्ही त्या खटल्यात कोण आहात ते बघा. अपघात भरपाईच्या दाव्यात अर्जदार, चेक न वटल्याच्या खटल्यात फिर्यादी, घरच्या जमिनीच्या वाटणीत वादी. यांतलं काहीही गुन्हेगारी पार्श्वभूमी नाही, पण नावाच्या शोधात सगळं एकाच जाळ्यात येतं.

आणि खटला खरंच तुमच्यावर होता आणि निर्दोष सुटलात, तर निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. फॉर्ममधला प्रश्न मात्र नीट वाचा: ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘गुन्हा दाखल झाला आहे का’ यांची उत्तरं वेगळी असू शकतात. सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलं की माहिती खरी हवी, दडवलेली नको. त्याच वेळी क्षुल्लक प्रकरणात मालकाला परिस्थिती पाहून सौम्य भूमिका घेता येते. प्रकरण किरकोळ असलं तरी लपवणं हा वेगळा दोष ठरतो.

शिक्षण आणि क्रेडिट

शिक्षणात नेहमीचा फरक वर्षाचा. एटीकेटी लागून हिवाळी सत्रात पास झालात आणि पदवी प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभाचं असेल, तर शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवरचं वर्ष धरा. विद्यापीठाकडून उत्तर येत नसेल तर डिजिलॉकरमधली ‘इश्यूड’ प्रत द्या. नियमांनुसार ती मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. तुम्ही स्वतः अपलोड केलेल्या स्कॅनला हा दर्जा नाही.

बँका आणि वित्तसंस्था क्रेडिट अहवालही बघतात. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत देतात. चूक दिसली तर त्यांच्या साइटवर ‘डिस्प्यूट’ टाका. निवारण 30 दिवसांत व्हायला हवं. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. तिथे न मिटल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर बँकेचं ना-देय प्रमाणपत्र तोवर एचआरला पुरतं.

उत्तराची फाइल

एकच मेल, एकच पीडीएफ. पहिल्या पानावर चार-पाच ओळी: शेरा काय, वस्तुस्थिती काय, पुरावा कोणत्या पानावर, मूळ नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज कधी केला आणि त्याचा क्रमांक. मागे कागद त्याच क्रमाने, संबंधित ओळीभोवती चौकट केलेले. आधारची प्रत मास्क केलेली, म्हणजे क्रमांक झाकलेली. एचआरमधल्या व्यक्तीला हे पुढे एजन्सीकडे आणि आपल्या वरिष्ठाकडे जसंच्या तसं फॉरवर्ड करता आलं पाहिजे. भावना, कुटुंबाची परिस्थिती, ‘मी असं कधीच करणार नाही’ हे सगळं गाळा. शेवटी एक ठाम विनंती: ‘या कागदांच्या आधारे एजन्सीकडून फेरपडताळणी करून सुधारित रिपोर्ट घ्यावा.’ एजन्सीच्या तक्रार अधिकाऱ्याला प्रत ठेवा. त्याचा पत्ता तिच्या प्रायव्हसी पॉलिसीत असतो.

कंपनीने तरीही ऑफर मागे घेतली तर लेखी कारण मागा. ऑफर लेटरमध्ये ‘बीजीव्ही समाधानकारक असल्यास’ अशी अट बहुधा असतेच, त्यामुळे कोर्टात जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. जुन्या कंपनीने जाणूनबुजून खोटं कळवल्याचा कागद हातात असेल तर नोटीस तिला पाठवणं जास्त फलदायी.

आणि रिपोर्ट हिरवा झाल्यावर सुधारित प्रत मागून ठेवा. पीएफची सर्व्हिस हिस्टरी महिन्याभराने पुन्हा उघडून दुरुस्ती खरंच चढली आहे का ते पाहा. जुन्या कंपनीने एजन्सीला बरोबर उत्तर दिलं तरी तिच्या स्वतःच्या एचआर सिस्टीममधली नोंद तशीच राहिलेली असू शकते, म्हणून ‘आपल्याकडची नोंद दुरुस्त झाली आहे’ असं तिच्याकडून लेखी घ्या. पुढची एजन्सी त्याच सिस्टीमला विचारणार आहे.